घर बांधण्यापूर्वी : काळ्या जमिनीवरील घराची आखणी व बांधणी

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. दोन्ही कामे माणसाच्या हातून आयुष्यात बहुधा एकदाच होतात. त्यामुळे पहिल्या चुकीपासून शिकून दुसऱ्या वेळी सुधारणा करण्याची संधी मिळत नाही. पेरणी चुकली तर पुढच्या हंगामात ती सुधारता येते. पाया चुकला तर तो घराच्या आयुष्यभर चुकलेलाच राहतो. म्हणून घर बांधू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याला व कारागिराला योग्य वेळी योग्य सल्ला देणे हे गावपातळीवरील कार्यकर्त्याचे महत्त्वाचे काम होय. या पाठात सोलापूर शहरातील भवानी पेठ व सभोवतालचा काळ्या जमिनीचा मुलूख डोळ्यांपुढे ठेवून, घर बांधताना येणाऱ्या अडचणींचा आणि त्यांवरील उपायांचा क्रमाने विचार केला आहे.

पेठेतील घर आणि गावातील घर

भवानी पेठ ही सोलापूरच्या जुन्या, दाट वस्तीच्या पेठांपैकी एक होय. शहराच्या या भागात विणकर व विडी कामगार यांची वस्ती मोठी आहे. सोलापुरी चादर व टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु ज्या घरांत व ज्या कारखान्यांत हा माल विणला जातो त्यांची जागा मात्र अपुरी असते. पुढे राहण्याची खोली, मागे माग, वर माळा आणि दोन्ही बाजूंस शेजाऱ्याची सामाईक भिंत, असा तेथील अनेक घरांचा थाट असतो. भावाभावांत वाटणी झाली की दोन खणांचे घर एका खणाचे होते. मग एक भाऊ जुनी भिंत पाडून त्याच जागी वर मजले चढवितो, तर दुसरा शहराच्या कडेला, कालपर्यंत ज्वारी पिकणाऱ्या रानात, लहानसा तुकडा घेऊन घर बांधावयास निघतो.

या दोघांच्या अडचणी वेगळ्या असतात. पहिल्याला शेजाऱ्याच्या भिंतीची काळजी घ्यावी लागते. दुसऱ्याला काळ्या जमिनीशी सामना करावा लागतो. खेड्यातील शेतकऱ्याला मात्र या दोन्ही अडचणींना तोंड द्यावे लागते. कारण गावठाणात त्याचे घर शेजाऱ्यांना चिकटून असते आणि वस्तीवर ते काळ्या रानात उभे राहते.

किल्लारीने दिलेला धडा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे दगावली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. किल्लारी सोलापूरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे, हे येथील प्रत्येक घरमालकाने ध्यानात ठेवावे.

माणसे मेली ती मुख्यतः घरांच्या भिंती व छपरे अंगावर कोसळल्यामुळे. तेथील भिंती ओबडधोबड दगडांच्या व मातीच्या सांध्यांच्या होत्या. भिंतीची बाहेरची व आतली बाजू स्वतंत्र रचलेली आणि मधली पोकळी चिपा व मातीने भरलेली असे. हादरा बसताच या दोन बाजू फुगून सुटल्या. वर धाब्याचे ओझे होते. धाबे गळू लागले की त्यावर पांढरी माती टाकण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे काही वर्षांत मातीचा थर फूटभर किंवा त्याहून अधिक जाड होतो. एक घनफूट माती साधारण ४५ किलो भरते. म्हणजे १०० चौरस फुटांच्या लहान खोलीवर फूटभर माती असल्यास सुमारे ४,५०० किलो ओझे निजलेल्या माणसांच्या डोक्यावर टांगलेले असते. ज्या घरांचे छत भिंतीऐवजी लाकडी खांबांवर व तुळयांवर टेकलेले होते, त्यांतील काही घरांच्या भिंती पडूनही छत उभे राहिले, ही गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे.

याचा अर्थ दगड, माती किंवा धाबे वाईट आहे असा नव्हे. धाब्याचे घर उन्हाळ्यात थंड राहते. सोलापूरच्या उन्हात हा लाभ लहान नाही. दोष साहित्यात नसून ते एकमेकांशी न बांधण्यात व ओझे वाढवीत जाण्यात आहे. घराचे सर्व भाग एखाद्या पेटीप्रमाणे एकमेकांना घट्ट बांधलेले असावेत, हे या पाठाचे मुख्य सूत्र होय.

पहिली पायरी : पैशाचा हिशेब

अर्धवट राहिलेली घरे गावोगाव दिसतात. त्यांच्या मालकांना घर बांधता येत नव्हते असे नाही. त्यांनी हिशेब जोत्यापासून सुरू केला, जमिनीखालचा व शेवटचा खर्च धरलाच नाही. काळ्या जमिनीत पायाच मोठा खर्च मागतो. शेवटी दारे, खिडक्या, गिलावा, फरशी, वीजजोडणी, पाण्याची टाकी व संडास यांना पैसा लागतो. भिंती व स्लॅब झाले म्हणजे घर झाले, ही समजूत चुकीची आहे.

याकरिता साधा नियम असा ठेवावा की हाती १०० रुपये येण्याची खात्री असेल तर ८० रुपयांचेच घर आखावे. उरलेले २० रुपये भाववाढ व अनपेक्षित कामांसाठी बाजूस ठेवावेत. पीक आल्यावर येणारा पैसा ‘येणार’ म्हणून धरू नये. पाऊस व बाजारभाव यांवर त्याचा भरवसा नसतो. पैसा कमी असल्यास घर लहान करावे, परंतु पाया, सळई व सिमेंट यांत कपात करू नये. दोन खोल्या आज पक्क्या बांधून तिसरीची जागा मोकळी ठेवणे हे चार कच्च्या खोल्या बांधण्यापेक्षा केव्हाही हिताचे ठरते.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरविण्यात आले. पूर्वीच्या इंदिरा आवास योजनेत ते २० चौरस मीटर होते. अनुदान टप्प्याटप्प्याने, कामाची पाहणी झाल्यावर मिळते. म्हणून प्रत्येक टप्प्याचा खर्च आधी कोठून करावयाचा हे लाभधारकाने अगोदरच ठरविले पाहिजे. अनुदानाच्या भरवशावर मंजूर क्षेत्रापेक्षा फार मोठा पाया घालून बसणे हे घर अर्धवट राहण्याचे नेहमीचे कारण आहे.

दुसरी पायरी : जागा व कागदपत्रे

जागा घेताना भाव पाहण्यापूर्वी कागद पाहावेत. गावात आठ-अ व ग्रामपंचायतीची मिळकत नोंद, रानात सात-बारा, शहरात मिळकत पत्रिका तपासावी. विकणाऱ्याच्या नावावर जागा आहे काय, बहिणींसह सर्व वारसांची संमती आहे काय, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे काय, जाण्यायेण्याचा रस्ता कागदावर आहे काय, हे प्रश्न विचारल्यावाचून इसार देऊ नये.

शहराच्या कडेला गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकण्याचा प्रकार फार चालतो. शेतजमिनीचे लहान तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ साली कायदा झाला. अशा अनधिकृत तुकड्यांवर झालेली वस्ती नियमित करण्यासाठी २००१ साली गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. बांधकाम परवानगीचे राज्यभरचे एकत्रित नियम २०२० साली लागू झाले. या सर्व नियमांत वेळोवेळी बदल होत आले आहेत. म्हणून शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी काय केले यावर न जाता, खरेदीपूर्वी तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत किंवा महानगरपालिकेचे बांधकाम खाते यांच्याकडे चालू नियमाची लेखी माहिती घ्यावी. केवळ मुद्रांकावर लिहून घेतलेला कागद म्हणजे खरेदी नव्हे.

जागेची मोजणी करून हद्दीचे दगड रोवल्यावाचून पाया खणू नये. पायाची एक वीत शेजाऱ्याच्या हद्दीत गेली तर दोन पिढ्यांचे भांडण उभे राहते.

तिसरी पायरी : जमिनीची परीक्षा

काळी चिकण माती पाणी प्याली की फुगते व वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानात पडणाऱ्या भेगा प्रत्येक शेतकऱ्याने पाहिल्या आहेत. तीच हालचाल घराच्या पायाखाली होते. फरक एवढाच की घराच्या मध्यभागी जमीन कोरडी राहते आणि कडेला ती पावसात ओली होते. त्यामुळे कडेचा भाग वर उचलला जातो. पुढे तो वाळून खाली बसतो. दोन-तीन वर्षांत खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात व दारे अडकू लागतात. असे झाले म्हणजे गवंड्याला दोष दिला जातो. पण खरा दोष जमीन न पाहता पाया घातल्याचा असतो.

घरच्या घरी करण्याजोगी एक परीक्षा पुढीलप्रमाणे आहे. पायाच्या खोलीवरची माती वाळवून, बारीक करून चाळावी. काचेच्या सरळ पेल्यात ती चतुर्थांश भरावी व खूण करावी. मग पेला पाण्याने भरून, ढवळून २४ तास स्थिर ठेवावा. दुसऱ्या दिवशी मातीचा थर खुणेच्या दीडपट किंवा त्याहून वर आला तर ती जमीन फार फुगणारी आहे असे समजावे व अभियंत्याच्या सल्ल्यावाचून पुढे जाऊ नये. ही परीक्षा केवळ इशाऱ्यापुरती आहे. दोन मजली घरासाठी प्रयोगशाळेतून माती तपासून घ्यावी.

जागेत दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किंवा खडक किती खोलीवर लागतो हेही पाहावे. एका कोपऱ्यात चार फुटांवर मुरूम आणि दुसऱ्या कोपऱ्यात दहा फुटांवरही काळी माती, असे सोलापूरकडे घडू शकते. अशा जागी निम्मे घर मुरमावर व निम्मे काळीवर ठेवणे धोक्याचे असते.

चौथी पायरी : पाया व जोते

मुरूम जवळ असेल तर सर्व बाजूंनी पाया मुरमापर्यंत नेणे हा उत्तम उपाय होय. चर खणल्यावर तो उन्हात वाळत किंवा पावसात भिजत ठेवू नये. तळ ठोकून लगेच काँक्रीट घालावे. पायाच्या दोन्ही अंगांस तीच काळी माती परत न भरता मुरूम किंवा जाड वाळू भरावी. जोत्याच्या आतील काळी मातीही काढून टाकावी व मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून, धुमसून भरावा. एकदम तीन फूट भरून वरून ठोकल्यास फरशी पुढे बसते.

मुरूम फार खोल असल्यास रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी विकसित केलेली पद्धत उपयोगी पडते. तीत जमिनीत गोल भोके पाडून, तळाशी त्यांचा घेर खांबाच्या सुमारे अडीचपट रुंद करतात व सळईसह काँक्रीट भरतात. हे खुंट साधारण साडेतीन मीटर किंवा अधिक खोल, म्हणजे ओलावा वर्षभर सारखा राहतो त्या थरापर्यंत, नेतात. त्यांवर काँक्रीटची तुळई टाकून भिंत उभारतात. तुळई व जमीन यांमध्ये सुमारे ८ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवतात, म्हणजे माती फुगली तरी तुळईला धक्का लागत नाही. हे काम माहितगार अभियंत्याच्या देखरेखीखालीच करावे.

जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा निदान दीड फूट उंच असावे. पेठेत तर रस्त्यावर थर चढत जाऊन जुन्या घरांचे उंबरे रस्त्याखाली गेलेले दिसतात; म्हणून रस्ता पुढे चढणार हे धरूनच जोते ठेवावे. घराभोवती तीन फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला कोबा करावा. छपराचे व न्हाणीचे पाणी पायाशी मुरू देऊ नये. मोठी वाढणारी झाडे भिंतीला लागून लावू नयेत. त्यांची मुळे पायाखालची ओल ओढून घेतात. काळ्या मातीत शोषखड्ड्याचे पाणी लवकर जिरत नाही. याकरिता संडासाचे खड्डे व शोषखड्डा मुरमाच्या थरापर्यंत न्यावेत आणि ते पायापासून व पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून दूर ठेवावेत.

पाचवी पायरी : शेजाऱ्याची भिंत

भवानी पेठेसारख्या वस्तीत जुने घर पाडून नवे बांधताना सर्वांत मोठा धोका शेजारच्या जुन्या भिंतीला असतो. तिचा पाया बहुधा उथळ असतो. तिच्या लगत सलग चर खणला तर ती आधारावाचून राहून कोसळू शकते. म्हणून चर चार-चार फुटांच्या तुकड्यांत, एक सोडून एक असा खणावा. एका तुकड्यात पाया भरून झाल्यावरच शेजारचा तुकडा उघडावा. शेजारच्या भिंतीला तिरपे टेकू द्यावेत. पावसाळ्यात हे काम करू नये.

काम सुरू करण्यापूर्वी शेजाऱ्यासमक्ष त्याच्या भिंतीवरील जुन्या भेगांची छायाचित्रे घेऊन दोघांच्या सह्यांचा कागद करावा. पुढे नवी भेग पडली की जुनी, हा वाद राहत नाही. शेजाऱ्याच्या खिडकीतून २० वर्षे विनाअडथळा उजेड येत असेल तर १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमानुसार त्याला हक्क प्राप्त होऊ शकतो. तेव्हा भिंत चढविण्यापूर्वी शेजाऱ्याशी बोलून घ्यावे. पहिल्या कुदळीच्या आधी झालेले बोलणे कोर्टातील दहा तारखांपेक्षा स्वस्त पडते.

सहावी पायरी : आराखडा, आणि घरातील धंदा

कागदावर भिंत पुसावयास काही लागत नाही. बांधलेली भिंत पाडावयास पैसा लागतो. म्हणून आराखडा तयार झाल्यावर घरातील स्त्रियांसह सर्वांनी तो पाहावा. जमिनीवर फक्कीने खोल्या आखून त्यांत खाट, कणगी व चूल यांची जागा मांडून पाहावी. स्वयंपाक, पाणी भरणे व धुणे यांचे बहुतेक काम स्त्रियांकडे असते. त्यांचा सल्ला न घेता आखलेल्या घरात मोरी एकीकडे व चूल दुसरीकडे जाते.

सोलापूरकडे पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात फार तापते. त्या अंगास जिना, कोठार किंवा न्हाणी ठेवावी, म्हणजे निजण्याची खोली थंड राहते. समोरासमोर खिडक्या ठेवाव्यात. गोठा घरापासून वेगळा व वाऱ्याच्या खालच्या अंगास असावा.

ज्या घरात माग, पिठाची गिरणी किंवा दुसरा धंदा असेल तेथे अधिक दक्षता हवी. यंत्राचा हादरा भिंतीला जाऊ नये म्हणून त्याचा चौथरा भिंतीपासून व घराच्या पायापासून सुटा ठेवावा. धंद्याची वीज व घराची वीज यांच्या तारा वेगळ्या असाव्यात आणि जमिनीशी जोडणी नीट करून घ्यावी. सूत, कडबा किंवा कापूस यांचा साठा निजण्याच्या खोलीखाली अगर जिन्यात करू नये. बाहेर पडण्यास दोन वाटा ठेवाव्यात व खिडकीचा एक तरी गज आतून उघडण्याजोगा असावा. १८ मे २०२५ रोजी पहाटे सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्यास आग लागली आणि तेथेच राहणाऱ्या कुटुंबातील माणसांसह ८ जणांचा मृत्यू झाला. राहणे व धंदा एका छपराखाली आणणाऱ्या प्रत्येकाने ही घटना विसरू नये.

सातवी पायरी : भिंती व पट्टे

दगडी भिंत दीड फुटाहून जाड करू नये. जाडी वाढली की मधली पोकळी वाढते. भिंतीच्या दोन्ही बाजू सांधणारे आरपार दगड दर दोन फूट उंचीला व आडवे दर चार फुटांच्या आत बसवावेत. असा लांब दगड न मिळाल्यास त्या जागी सळई घातलेला काँक्रीटचा तुकडा चालतो. विटांच्या भिंतीत सांधमोड पाळावी. वीट वापरण्यापूर्वी पाण्यात भिजवावी. कोरडी वीट मालातील पाणी शोषून घेते व सांधा कच्चा राहतो. चांगली वीट एकमेकीवर आपटल्यास खणखणीत वाजते आणि कमरेच्या उंचीवरून पडल्यास सहसा फुटत नाही.

घर पेटीप्रमाणे बांधले जाण्यासाठी जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखाली असे तीन काँक्रीटचे पट्टे सर्व भिंतींवरून, कोठेही न तुटता फिरवावेत. लहान घरासाठी पट्टा निदान तीन इंच जाड असावा. त्यात १० मिलिमीटरच्या दोन सळया ६ मिलिमीटरच्या कड्यांनी दर सहा इंचांवर बांधाव्यात. कोपऱ्यात सळई तोडू नये, ती वळवून दुसऱ्या भिंतीत न्यावी. दारे-खिडक्या कोपऱ्यापासून निदान दोन फूट दूर ठेवाव्यात. पूर्ण घराच्या मानाने या पट्ट्यांचा खर्च थोडा असतो. काळ्या जमिनीची हालचाल व भूकंप या दोन्हींपासून ते संरक्षण देतात.

आठवी पायरी : काँक्रीट व पाणी

५०० चौरस फुटांच्या, पाच इंच जाडीच्या स्लॅबला सुमारे ५.९ घनमीटर काँक्रीट लागते. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग खडी या प्रमाणात त्यास साधारण ४७ पोती सिमेंट लागेल. हा आकडा घरमालकास ठाऊक असला म्हणजे कमी पोत्यांत काम उरकण्याचा प्रकार त्याच्या ध्यानात येतो. माप घमेल्याने न घेता ३५ लिटरच्या पेटीने घ्यावे. एका पोत्याचे सिमेंट त्या मापाचे भरते.

सर्वांत मोठी चूक पाण्याची होते. माल सहज पसरावा म्हणून कामगार बादलीमागून बादली पाणी ओततात. या प्रमाणाच्या काँक्रीटला एका ५० किलोच्या पोत्यास ३० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्यांहून अधिक पाणी घालू नये. जास्तीचे पाणी उडून गेल्यावर काँक्रीटमध्ये बारीक छिद्रे राहतात, त्यांतून ओल आत जाते व सळई गंजते.

वाळूची परीक्षाही सोपी आहे. बाटलीत निम्मी वाळू, वर पाणी व चिमूटभर मीठ घालून हलवावे व तीन तास ठेवावे. वाळूवर बसलेला गाळाचा थर वाळूच्या थराच्या बाराव्या भागापेक्षा जाड असल्यास ती धुऊन घ्यावी. सिमेंटची पोती फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर रचावीत. तीन महिन्यांहून जुने सिमेंट तपासल्यावाचून वापरू नये.

स्लॅब पहाटे लवकर सुरू करावा. माल घट्ट झाला की त्यावर, रानात करतात तसे वाफे करून पाणी कोंडावे व ते १४ दिवस टिकवावे. खांबांना व भिंतींना ओले गोणपाट गुंडाळावे. लहान गाळ्याच्या स्लॅबचे टेकू कोणत्याही परिस्थितीत ७ दिवसांच्या आत काढू नयेत. हल्लीच्या मिश्र सिमेंटसाठी व साडेचार मीटरहून रुंद गाळ्यासाठी १४ दिवस थांबणे सुरक्षित होय. सेंटरिंगचे भाडे वाचविण्यासाठी केलेली घाई जिवावर बेतते.

सोलापूर शहरात नळाचे पाणी दीर्घकाळ काही दिवसांच्या अंतराने येत आले आहे, आणि उन्हाळ्यात खेड्यांतील विहिरी आटतात. म्हणून कामाआधी साठवणीची टाकी बांधावी. तीच टाकी पुढे पावसाचे पाणी साठविण्यास उपयोगी पडते. ५०० चौरस फूट छतावर ५०० मिलिमीटर पाऊस धरला तर सुमारे २३,००० लिटर पाणी पडते. त्यातील १८,००० लिटरच्या आसपास हाती लागू शकते. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा व चुन्याचा कोबा करून त्यास दर उन्हाळ्यापूर्वी चुन्याची सफेदी दिल्यास घर बरेच थंड राहते आणि धाब्याएवढे ओझेही पडत नाही.

वर मजला चढविण्याच्या आशेने खांबांच्या सळया उघड्या ठेवल्या जातात. त्या गंजू नयेत म्हणून त्यांवर हलके काँक्रीट चढवून ठेवावे. मात्र पाया मुळात दोन मजल्यांचा नसेल तर सळया ठेवूनही वर मजला चढविता येणार नाही.

कामाचे वेळापत्रक व करार

शेतकऱ्याने घराचे काम शेतीच्या कामाशी जुळवावे. रब्बी ज्वारीची पेरणी आटोपल्यावर, दिवाळीनंतर पायास हात घालावा. त्या वेळी विहिरींना पाणी असते व ऊनही सौम्य असते. ज्वारीच्या काढणीत मजूर मिळत नाहीत. त्यापूर्वी भिंती पुऱ्या कराव्यात. कडक उन्हाळा लागण्याच्या आत स्लॅब व मृगापूर्वी गिलावा उरकावा.

गवंड्याशी किंवा ठेकेदाराशी तोंडी व्यवहार करू नये. साहित्य कोणाचे, मजुरी कशाच्या मापावर, कोणते काम धरले व कोणते नाही, हप्ता केव्हा द्यावयाचा, चूक झाल्यास दुरुस्ती कोणी करावयाची, हे साध्या कागदावर लिहून सह्या घ्याव्यात. पैसा कामाच्या मागे चालावा, पुढे नव्हे. शेवटचा दहावा हिस्सा पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवण्याची अट घालावी.

एकट्याला न झेपणारे काम संघटनेने होते, याचे उदाहरण सोलापुरातच आहे. येथील विडी कामगार महिलांनी सहकारी संस्थेच्या मार्गाने कुंभारी येथे दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली. तिची घरे २००६ मध्ये त्यांच्या ताब्यात आली. त्यानंतर कुंभारीलाच ३० हजार घरांची रे नगर योजना हाती घेण्यात आली व तीतील १५ हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. गावात पाच-सहा कुटुंबे एकाच वर्षी घरे बांधणार असतील तर त्यांनीही अभियंता, खडी, सिमेंट व सेंटरिंग एकत्र घ्यावे. दर उतरतो व देखरेखही चांगली होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्याने घरमालकाची गाठ चार वेळी अवश्य घ्यावी : इसार देण्यापूर्वी, पायाचा चर उघडा असताना, पट्ट्याची सळई बांधून झाल्यावर आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी. या चार वेळी चूक सापडल्यास ती थोडक्यात सुधारते. काँक्रीट पडल्यावर सापडलेली चूक जन्माची होते. गावातील जुन्या धाब्याच्या घरांची यादी करून, ज्यांच्या छतावर फूटभराहून अधिक माती आहे त्यांना पावसाळ्यापूर्वी ती उतरवून घेण्यास व फुगलेल्या भिंतींत आरपार दगड बसविण्यास सांगावे. नवे घर बांधण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबासही एवढे करता येते.

उजळणीसाठी प्रश्न

१. काळ्या जमिनीवरील घराला तिरप्या भेगा का पडतात? त्या टाळण्यासाठी पायात व घराभोवती काय करावे?

२. १२ फूट लांब व १० फूट रुंद खोलीवर फूटभर जाड मातीचे धाबे असल्यास त्याचे वजन किती होईल?

३. शेजाऱ्याच्या जुन्या भिंतीलगत चर कसा खणावा?

४. एका पोत्याच्या काँक्रीटला जास्तीत जास्त किती पाणी घालावे, व अधिक घातल्यास काय होते?

५. आपल्या गावात या वर्षी बांधली जाणारी घरे कोणती? त्यांपैकी किती घरांना तीन पट्टे आहेत, याची प्रत्यक्ष पाहणी करून नोंद करावी.